इतमामाला शोभेल असं

आमच्या घरात जिना नाही. पूर्वीही नव्हता. कौलारू बैठं घर आहे. पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि माळ्यावर चढायला बाबांनी स्वतः ठोकलेली शिडी. हे एवढं ठासून सांगायचं कारण असं, की दोन हजार सालानंतरची दोनेक वर्षं टीव्ही पाहणाऱ्या जनतेची ठाम समजूत होती, की आमच्या घरात संगमरवरी जिना आहे, त्याला पितळी कठडा आहे आणि त्यावरून रोज संध्याकाळी एक सून रडत खाली उतरते.

ती सून एका मालिकेतली होती. मालिकेचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी पुन्हा आठवेल. त्या लोकांना नारळांमध्ये लपलेलं एक घरंदाज घर बाहेरून दाखवायला हवं होतं. विरारजवळच्या आमच्या पट्ट्यात आगाशीपासून नंदाखालपर्यंत ते हिंडले. पैसेवाल्यांनी तोवर जुनी घरं पाडून ग्रिलवाले बंगले बांधले होते, ते कॅमेऱ्याला पसंत पडले नाहीत. आमच्याकडे नवं बांधायला पैसे नव्हते, म्हणून आमचं घर घरंदाज ठरलं.

माणसं आली, त्यांनी पुढची भिंत आंब्यासारखी पिवळी रंगवली. फक्त पुढची. बाजूच्या भिंतींकडे कॅमेरा वळणार नव्हता, त्यामुळे ब्रशही वळला नाही. ओटीला प्लायवूडचे दोन खांब लावले. मग एक लांबलचक गाडी फाटकातून आत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. एक रुबाबदार म्हातारा तुळशीपाशी उभा राहून नारळांकडे बघत राहिला. सहा बायका सहा भरजरी साड्यांत ओटीवर येऊन हसल्या, मग त्याच सहाजणी काळजीत पडल्या. दोन दिवसांत सगळं उरकलं. जाताना ते खांब घेऊन गेले, रंग राहिला. आतलं घर त्यांनी मुंबईत कुठल्याशा स्टुडिओत उभारलं होतं, आणि जिना होता तो तिथे.

आता बाहेरून बैठं असलेलं घर आत गेल्यावर दुमजली कसं होतं? जिना चढून ती सून जाते कुठे, कौलं फोडून आभाळात? हा प्रश्न आमच्या घरातल्या चार माणसांखेरीज कुणालाही पडला नाही.

आम्हाला तरी मालिका धड कुठे बघायला मिळायची! भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी नेमकी आमच्याकडची वीज जायची. आई मेणबत्तीच्या उजेडात मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसायची, आणि त्याच वेळी विरारच्या घराघरांत आमच्या घरात मोठं झुंबर लखलखत असायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण लागायचं, ते आम्ही जेवताना बघायचो.

आणि ते बघणं म्हणजे काय, तर बाबांचं रागावणं. मालिकेत तो रुबाबदार म्हातारा नारळी-केळीच्या वाडीचा मालक होता. त्या एका वाडीवर सहा सुना, चार मुलगे, तीन गाड्या, झुंबर, जिना आणि दर आठवड्याला एक सोहळा. मुलगे सुटाबुटात 'ऑफिसला' जायचे. वाडीचं ऑफिस! बाबांचं ऑफिस म्हणजे पंपाची खोली, तिथे ते चड्डी-बनियनवर जायचे.

"यांच्या वाडीत मानूस कुठाय?" बाबा विचारायचे. "पानी कोन सोडतंय? खत कोन टाकतंय? तो मागचा केळीचा घड बघा. गणपतीपासून बघतोय, तसाच लटकलाय. एव्हाना पिकून पाखरांनी खाल्ला असता!"

घड तसाच राहणार, कारण तेच चित्रण ते दर भागात तीनदा दाखवायचे. खरा घड आम्ही केव्हाच उतरवून विकला होता.

आईचा राग वेगळा होता. "झोपताना पन पैठणी! ही धुतं कोन? आन एवढ्या मान्सांचा सैपाक, पन एकीच्या हाताला हळदीचा डाग नाय." ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, त्यांच्या नखांचा राग यायचा. ताई पहाटे उठून कळ्या खुडायची, तिची नखं काळी-हिरवी असायची. मला सगळ्यांचाच राग यायचा. मी कॉलेजात होते आणि तो वयाचा हक्कच आहे.

म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ज्याने ही म्हण केली त्याच्या घरी टीव्ही नसावा. टीव्हीवर सगळ्यात सोपं सोंग पैशाचंच. गरिबीचं मात्र त्यांना अजिबात जमायचं नाही. त्याच मालिकेतली एक 'गरीब' मैत्रीण होती, तिच्या घरातला फ्रीज आमच्या कपाटाएवढा होता.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग माणसं यायला लागली. रविवारी विरारहून रिक्षा करून कुटुंबंच्या कुटुंबं यायची, फाटकापाशी उभी राहून फोटो काढायची. धीट असतील ती आत डोकावून विचारायची, "जिना बघायला मिळेल का?" उत्सव समितीने आमची वर्गणी वाढवली. भाजीवाला आईला भाव कमी करून देईना. "तुमी पन काय घासाघीस करता," म्हणाला. लांबचे नातेवाईक जवळ आले. आणि गंमत म्हणजे, पावसाने तो पिवळा रंग विटला तेव्हा बाबांनी दुकानातून तोच रंग शोधून आणला आणि स्वतः मारला. तेही फक्त पुढच्या भिंतीला. मी विचारलं तर म्हणाले, "डबा एकच हाय." डबा एकच होता हे खरं. पण आल्यागेल्याने घर वाखाणलं की बाबा हल्ली थोडे ताठ उभे राहायचे, तेही मी पाहत होते.

इथे आमच्या वाडीवाल्यांचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीवाला माणूस पीक कधीच खरं सांगत नाही. घड जमिनीला टेकलेले असोत, विचारलं की तो उसासा टाकून म्हणणार, "यंदा काय नाय." नजर लागू नये, दलालाने भाव पाडू नये, भावकीने हात पसरू नये, अशी त्याची पुष्कळ कारणं आहेत, आणि खरं कारण म्हणजे सवय. ऐकणाऱ्यालाही हे माहीत असतं. समोरचा सांगेल त्याच्या दुप्पट धरायचं, असा पंचक्रोशीचा हिशेब आहे. आमच्या शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने तर मरताना मुलांनाही अर्धंच सांगितलं असेल, असं बाबा म्हणायचे. या रिवाजात पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं नुकसान झालं नव्हतं, कारण खरं सांगायची वेळच कुणावर आली नव्हती.

ती बाबांवर आली ताईच्या लग्नात.

स्थळ आत्याने आणलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तिने आजवर डझनभर लग्नं जमवली होती आणि त्यातली मोडली एकही नाही, हे ती आल्याआल्या सांगायची. मुलगा विरारचा. आईवडील मूळचे देशावरचे. स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगा मुंबईत एका कंपनीत नोकरीला. ताई आणि तो आत्याच्या घरी दोनदा भेटले. दुसऱ्या भेटीहून ताई परत आली ती वेगळीच होऊन. मला म्हणाली, "त्याने माझे हात बघितले आणि विचारलं, पहाटे किती वाजता उठतेस? उद्यापासून उठू नकोस असं नाही म्हणाला. म्हणाला, मीपण लवकर उठतो, बरं होईल." ताईला तो मुलगा हवा होता. आमच्या घरात इतक्या सरळपणे कुणाला काही हवं असल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

अडचण एकच होती. मुलाची आई ती मालिका बघायची. नुसती बघायची नाही, उपास-तापास सांभाळावेत तशी सांभाळायची. "ते घर आपल्या मुलीचं आहे," असं आत्या तिच्याकडे एकदा बोलून गेली होती. त्यापुढे आत्याने एकही खोटं वाक्य उच्चारलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. मुलाच्या आईने विचारलं, "म्हणजे ते सगळं तुमच्या भावाचं?" तेव्हा आत्याने फक्त पदर सावरला.

बोलणी करायला ती मंडळी आमच्याकडे आली. मुलाची आई, वडील आणि एक काका. फाटकातून आत येताना मुलाच्या आईने हात जोडले, आम्हाला नाही, घराला. ओटीवर चढली, उंबऱ्यात थांबली आणि माजघरात डोकावली. समोर आमची लाकडी मांडणी, भिंतीला टेकवलेल्या गोण्या, आणि कोपऱ्यात शिडी. तिचे डोळे शिडीवरून वर गेले, माळ्यापर्यंत, आणि खाली आले.

"जिना कुठाय?"

"जिना नाय ओ," आई म्हणाली. "माळ्यावर सुकेळी असतात. शिडीने चढतो." सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आमच्याकडची खासियत. आईने लगेच ती खायलाही दिली.

मग बाबा बोलले. आत्या डोळ्यांनी दटावत होती तरी बोलले. आदल्या रात्री ताईने त्यांना सांगितलं होतं, "बाबा, काय ते खरं सांगून टाका. नंतर माझ्या डोक्यावर नको." बाबांनी टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "हे बघा, टीव्हीत दाखवतात ते आमचं नाय. भिंत तेवढी आमची. आतलं सगळं मुंबईतलं, लाकडाचं आन पुठ्ठ्याचं. आमची वाडी लहान हाय, तिच्यावर घर चालतं, उरत काय नाय." आणि मग त्यांच्या बापजाद्यांनी कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. नारळ किती, केळी किती, मोगरा किती, कशाचे किती येतात, सगळं खरं खरं सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. कुणासमोर कपडे उतरवावेत तसं त्यांना वाटत असणार.

मग मुलाचे काका मोठ्याने हसले.

"वा! बारा वर्षं काढलीत आम्ही विरारला. वाडीवाल्यांची ख्याती ठाऊक आहे. अंगात फाटकं बनियन आणि नारळाखाली पुरलेला हंडा!"

"नाय ओ, खरंच सांगतोय," बाबा म्हणाले.

"तेच तर! असंच म्हणतात सगळे." मुलाचे वडीलही हसू लागले. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या तिघांनी बाबांच्या प्रत्येक आकड्याची दुप्पट केली. मुलाच्या आईला तर शिडीचंही कोडं सुटलं. ती हळूच माझ्या आईला म्हणाली, "कळलं मला. राहतं घर हे, आणि ते दुसरं मुंबईला." आई इतकी गोंधळली की तिने मान हलवली. ती होय होती की नाही, ते तिलाच माहीत नव्हतं.

खरं सांगितलेलं कुणी खोटं ठरवलं तर माणूस भांडू शकतो. पण खरं सांगितलेलं विनय ठरलं की काय करायचं? बाबा जितकं नाही म्हणत तितके ते श्रीमंत होत होते. मला हसू येत होतं आणि उठून त्या काकांच्या ताटलीतली सुकेळी काढून घ्यावीत असंही वाटत होतं.

हुंडा-बिंडा त्यांना नको होता. माणसं वाईट नव्हतीच. मुलाची आई निघताना म्हणाली, "आम्हाला देवाच्या दयेने काही कमी नाही. एक सुतळीचा तोडासुद्धा नको. फक्त लग्न तेवढं तुमच्या इतमामाला शोभेल असं करा."

तुमच्या इतमामाला. हे वाक्य बोलून ती गाडीत बसली आणि बाबा फाटकाला धरून उभे राहिले. आमचा इतमाम म्हणजे माळ्यावरची सुकेळी आणि पुढची पिवळी भिंत. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमच्याकडे बडं घरही नव्हतं, वासे तेवढे होते.

त्या रात्री घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण सगळे एकमेकांना समजावत होते. ताई म्हणाली, साधं लग्न करा, त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. आत्या म्हणाली, साधं केलंत तर त्यांना वाटेल पैसे असून पोरीला टाकली, आणि ते पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. हे आत्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. गरीब म्हणून कमी केलं तर लोक माफ करतात, श्रीमंत म्हणून कमी केलं तर कोण माफ करणार? आणि आम्ही श्रीमंत आहोत हे तर टीव्हीने सांगितलं होतं. बाबा उठून अंधारातच वाडीत एक फेरी मारून आले.

महिन्याभराने त्यांनी रस्त्याकडेची पट्टी बिल्डरला दिली. त्या पट्टीत आमचं बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं डबकं म्हणा, तळं म्हणा. पाऊस त्यात साठतो आणि उन्हाळ्यात वाडी त्यावर तगते. ताईला हे कळू दिलं नाही. मला कळलं, कारण मापं घ्यायला माणसं आली तेव्हा मी घरी होते. मी बाबांना म्हटलं, "त्या टीव्हीतल्या म्हाताऱ्याला हसत होता ना तुम्ही? एवढ्या वाडीवर परवडतं कसं म्हणून?" बाबा म्हणाले, "तो पन असाच इकत असेल. ते दाखवत नसतील." एवढंच म्हणाले आणि पंपाच्या खोलीकडे गेले.

लग्न विरारच्या मोठ्या हॉलमध्ये झालं. चार प्रकारच्या मिठाया, प्रवेशद्वारी सनईवाले, विहिणींना एकसारख्या पैठण्या. मुलाच्या आईने आल्यागेल्याला "आमचे व्याही, ते मालिकेतलं घर यांचंच," अशी ओळख करून दिली आणि लोक बाबांशी अदबीने बोलले. बाबांनी पहिल्यांदाच कोट घातला होता. काखेत घट्ट होत होता म्हणून हात जरा अंतरावर धरून चालत होते, आणि बघणाऱ्यांना तोही रुबाब वाटला. ताई सुंदर दिसत होती. तिची नखं रंगवली होती. तिच्याकडे बघून माझा सगळा राग त्या दिवसापुरता विरघळला, हे कबूल.

पावसाळा संपला आणि बावखल भरलं. म्हणजे मातीने. उन्हाळ्यात वाडीला पाणी पुरेना, मोगरा जळला. मालिका तोवर संपली होती. शेवटच्या भागात ती सून जिना हसत उतरली म्हणे.

त्या उन्हाळ्यात बाबा आणि मी ताईकडे गेलो. बाबांनी नेहमीप्रमाणे केळ्यांची पिशवी नेली होती. या वेळी पिशवी हलकी होती. चहा पिताना विहीणबाईंनी सहज विचारलं, "यंदा वाडी कशी?"

"यंदा काय नाय," बाबा म्हणाले.

विहीणबाई हसल्या. हसणारच. मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी सांगून टाकलं, बावखल विकलं, बुजलं, मोगरा गेला, पाणी विकत घ्यावं लागतं. "आणि विकलं कशासाठी ते विचारा," असंही म्हणाले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं, आणि माझ्या तोंडून, इतक्या फणकाऱ्याने.

विहीणबाईंचं हसू गेलं. त्यांना खरोखर धक्का बसला होता, डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पण व्याही," त्या म्हणाल्या, "असं होतं तर आम्हाला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "ओटीवर बसून सांगितलं होतं. सगळं."

विहीणबाईंनी आठवून पाहिलं. आठवलं असावं, कारण त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग अगदी मनापासून, जरा रुसल्यासारख्या म्हणाल्या, "ते आम्हाला खरं कसं वाटणार? आम्ही रोज बघत होतो ना तुमचं घर."